दहा टक्क्यांचा प्रेफरन्स शेअर अकरा टक्क्यांच्या कर्जापेक्षा महाग का पडतो

कंपनीला दहा कोटी हवे आहेत. बँक ११ टक्क्यांनी मुदत कर्ज द्यायला तयार आहे. दुसरीकडे एक गुंतवणूकदार म्हणतो, तारण नको, हमी नको, १० टक्के लाभांशाचे प्रेफरन्स शेअर (ठरलेला लाभांश सामान्य शेअरच्या आधी मिळणारे) द्या आणि सात वर्षांनी पैसे परत करा. संचालक मंडळापुढे तक्ता येतो. ११ च्या शेजारी १० लिहिलेले दिसतात आणि बरेचदा निर्णय तिथेच होऊन जातो. पण हे दोन आकडे एका जातीचेच नाहीत. ११ हा कर भरण्याआधीचा आकडा आहे, १० हा कर भरून झाल्यानंतरचा.

व्याज हा धंद्याचा खर्च. तो वजा करून उरलेल्या नफ्यावर कर लागतो. लाभांश हा खर्च नाही, नफ्याची वाटणी आहे. म्हणून आधी पूर्ण नफ्यावर कर भरायचा आणि मग उरलेल्यातून लाभांश द्यायचा. शेअरच्या नावाआधी ‘प्रेफरन्स’ लागलं म्हणून आयकर खातं त्याला व्याज मानत नाही.

आता हिशोब मांडू. आज बऱ्याच कंपन्या सवलती सोडून २२ टक्क्यांचा दर निवडतात. अधिभार आणि सेस धरून तो २५.१६८ टक्के होतो. दहा कोटींवर ११ टक्के व्याज म्हणजे वर्षाला १ कोटी १० लाख. ते फेडायला करपूर्व नफाही तेवढाच लागतो, १ कोटी १० लाख. त्याच दहा कोटींवर १० टक्के लाभांश म्हणजे १ कोटी. हा १ कोटी करानंतर हातात उरायचा असेल तर आधी किती कमवावं लागेल? १ भागिले ०.७४८३२, म्हणजे १ कोटी ३३ लाख ६३ हजार. ‘स्वस्त’ दिसणारा पर्याय वर्षाला साडेतेवीस लाखांहून जास्त करपूर्व नफा खातो.

उलट बाजूने पाहिलं तरी तेच दिसतं. ११ टक्क्यांच्या कर्जाचा करानंतरचा खर्च ११ गुणिले ०.७४८३२, म्हणजे ८.२३ टक्के. प्रेफरन्स शेअर ८.२३ टक्क्यांच्या खाली मिळाला तरच दरात तो कर्जाशी बरोबरी करतो. पण तारण नसलेल्या आणि परतफेडीच्या रांगेत कर्जाच्या मागे उभ्या असलेल्या कागदावर बाहेरचा माणूस कर्जापेक्षा कमी दर का घेईल? तो वरचाच दर मागतो. १३ टक्के मागितले तर करपूर्व हिशोबात तो खर्च १७.३७ टक्के होतो.

बँकेच्या दराची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ११ टक्के हा कर्जाचा पूर्ण खर्च नव्हे. बँक व्याज दरमहा लावते. वर्षाला ११ टक्के, मासिक आकारणीने, म्हणजे प्रत्यक्षात ११.५७ टक्के. प्रेफरन्सचा लाभांश वर्षातून एकदा जातो, त्यामुळे तुलना ११ शी न करता ११.५७ शी करायची. करानंतर ते ८.६६ टक्के होतात. प्रक्रिया शुल्क १ टक्का असेल तर ते दहा लाख. ते पाच वर्षांत वाटून वर्षाला ०.२० टक्के धरणं ही नेहमीची चूक. मुद्दल दरमहा फिटत जातं, म्हणून मुद्दलाच्या ६० समान हप्त्यांच्या कर्जाचं सरासरी आयुष्य अडीच वर्षांच्या आसपासच असतं. ते शुल्क वर्षाला साधारण ०.४ टक्क्याने दर वाढवतं. शुल्कावर १८ टक्के जीएसटी येतो, पण माल बनवणाऱ्या कंपनीला त्याचं इनपुट क्रेडिट (स्वतःच्या जीएसटीतून वजावट) सहसा मिळतं.

शिवाय मालमत्तेचं मूल्यांकन, वकिलाचा शोध अहवाल, गहाणाच्या दस्तावरचं मुद्रांक शुल्क, विमा, वर्षाला स्टॉक ऑडिट. महाराष्ट्रात टायटल डीड (मालकीचा दस्त) जमा करून कर्ज घेतलं तर ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे नोटीस ऑफ इंटिमेशन दाखल करावी लागते. कंपनीच्या बाजूने सीएचजी-१ हा फॉर्म भरून बँकेचा बोजा कंपनी निबंधकाकडे ३० दिवसांत नोंदवायचा. ही मुदत चुकली तर वाढीव फी आहेच, आणि नोंद न झालेला बोजा कंपनी बुडाल्यावर लिक्विडेटर (मालमत्ता विकून देणी भागवणारा) जुमानत नाही. त्यामुळे बँक याबाबत अजिबात सूट देत नाही. हे सगळं एकत्र धरलं तरी आपल्या उदाहरणात कर्ज करानंतर सव्वानऊ टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. प्रेफरन्स १० वरच आहे आणि त्याचेही स्वतःचे छोटे खर्च आहेत.

दोन्हींची बेरीज रुपयांत करून तुलना करणं हीसुद्धा फसवी पद्धत. ६० समान हप्त्यांच्या कर्जावर पाच वर्षांत एकूण व्याज २ कोटी ८० लाखांच्या आत बसतं, तर प्रेफरन्सवर पाच वर्षांत ५ कोटी लाभांश जातो. पण पहिल्या पर्यायात दहा कोटी हळूहळू परत गेले आहेत, दुसऱ्यात पूर्ण दहा कोटी अजून आपल्याकडे आहेत. दर काढा, बेरीज नको. एक्सेलमध्ये तारीखवार आवक-जावक मांडून एक्सआयआरआर (तारखांनुसार निघणारा वार्षिक दर) काढला की पाच मिनिटांत खरा आकडा दिसतो. कर्जाच्या रकान्यात करबचत ज्या महिन्यात आगाऊ कर भरायचा त्या महिन्यात टाका, म्हणजे जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च.

आतापर्यंतचा सगळा हिशोब एका गोष्टीवर उभा आहे. कंपनी कर भरते आहे. तिला करपात्र उत्पन्नच नसेल, मागचा घसारा आणि तोटा साचलेला असेल, तर व्याजावरची करबचत आज शून्य आहे. ती पुढे ढकलली जाते, आणि सात-आठ वर्षांनी मिळणाऱ्या करबचतीची आजची किंमत फार कमी. अशा कंपनीला ११.५७ टक्के हे खरोखर ११.५७ टक्केच पडतात आणि १० टक्क्यांचा प्रेफरन्स खरोखर स्वस्त असतो. मात्र इथे एक अट आहे. हिशोबाच्या पुस्तकात नफा असला पाहिजे, कारण लाभांश नफ्यातूनच देता येतो. करासाठी तोटा पण पुस्तकात नफा, ही स्थिती नव्या यंत्रांवर जास्त घसारा घेणाऱ्या कारखान्यांत काही वर्षं राहते. प्रेफरन्सचा दर ज्या थोड्या परिस्थितींत जिंकतो, त्यांतली ही एक.

बँकेच्या व्याजाची करवजावटही आपोआप मिळत नाही. बँकेचं व्याज विवरणपत्राच्या अंतिम तारखेपर्यंत प्रत्यक्ष भरलेलं असावं लागतं. थकलेलं व्याज बँकेने नव्या कर्जात रूपांतरित केलं तर ते ‘भरलं’ असं धरलं जात नाही. पुनर्रचना झालेल्या कर्जात ही वजावट हमखास अडकते. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून आयकराची कलमं इथे मुद्दाम दिलेली नाहीत.)

प्रेफरन्स शेअर एके काळी इतका लोकप्रिय का होता, हेही यातूनच कळतं. ३१ मार्च २०२० पर्यंत लाभांशावरचा कर कंपनी भरत असे. १५ टक्के मूळ दर, वर ग्रॉस-अप, अधिभार आणि सेस मिळून शेवटी २०.५६ टक्के. ८ टक्के लाभांश कंपनीला ९.६४ टक्क्यांना पडायचा. पण घेणाऱ्याच्या हातात तो ८ टक्के बहुतांशी करमुक्त यायचा. फक्त २०१६ पासून वर्षाला १० लाखांच्या वरच्या लाभांशावर वेगळा १० टक्के कर होता. सेससह ३१.२ टक्के कर भरणाऱ्याला तो ८ टक्के जवळजवळ ११.६ टक्के व्याजाइतका मोलाचा होता, म्हणून तो कमी दर मान्य करायचा. २०२० च्या वित्त कायद्याने हे गणित मोडलं. आता लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो, कंपनी त्यावर टीडीएस कापते, आणि १० टक्क्यांचे त्याच्या हातात ६.८८ टक्के उरतात. कंपनीला वजावट नाही आणि घेणाऱ्याला सूट नाही. जुन्या काळातल्या ‘प्रेफरन्स करून टाका, टॅक्सला बरं पडतं’ या सल्ल्यावर आज विसंबू नका.

मग कुणी प्रेफरन्स काढावाच का? कारण त्यात पैशाबरोबर आणखी काहीतरी विकत मिळतं, आणि कधी कधी ते वर्षाला साडेतेवीस लाखांच्या मोलाचं असतं.

पहिलं म्हणजे रोख. दहा कोटींचं कर्ज ६० समान हप्त्यांत फेडायचं तर दरमहा मुद्दल १६ लाख ६७ हजार, पहिल्या महिन्याचं व्याज ९ लाख १७ हजार. पहिल्या वर्षात जवळपास ३ कोटी बाहेर जातात. प्रेफरन्सवर त्या वर्षाचा जातो १ कोटी, तोही वर्ष संपल्यावर, सर्वसाधारण सभेनंतर. नवा शेड उभारून ग्राहकाची मंजुरी यायला वर्ष-दीड वर्ष लागणार असेल तर हा २ कोटींचा फरक कंपनी जगवू शकतो. बँक मोरेटोरियम, म्हणजे हप्ते काही काळ पुढे ढकलण्याची सवलत, देते हे खरं, पण तो साधारणपणे मुद्दलाचा असतो. व्याज चालूच राहतं.

दुसरं, न देण्याची मुभा. हप्ता चुकला की ९० दिवसांत खातं एनपीए, म्हणजे थकीत. प्रेफरन्सचा लाभांश नफा नसेल तर देताच येत नाही. क्युम्युलेटिव्ह असेल तर तो साचतो, पण ती थकबाकी कर्जाची थकबाकी होत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईपीसी कन्स्ट्रक्शन्स विरुद्ध मॅटिक्स फर्टिलायझर्स या प्रकरणात हे अगदी स्वच्छ सांगितलं. तिथे कंत्राटाच्या येण्यांतले २५० कोटी ८ टक्क्यांच्या क्युम्युलेटिव्ह रिडीमेबल (परतफेडीच्या) प्रेफरन्स शेअरमध्ये बदलले होते. मुदत संपली, पैसे आले नाहीत, तेव्हा धारक दिवाळखोरी संहितेखाली वित्तीय धनको (कर्ज देणारा) म्हणून गेला. न्यायालयाने तो मार्ग नाकारला. प्रेफरन्स शेअर हे भांडवल आहे, कर्ज नव्हे, आणि परतफेडीची तारीख उलटल्याने ते कर्ज होत नाही. कंपनीसाठी हे संरक्षण आहे. पैसे लावणाऱ्यासाठी हा इशारा आहे, आणि म्हणूनच तो जास्त दर मागतो. संहितेच्या कलम ५३ च्या रांगेत प्रेफरन्स शेअरधारक इक्विटीच्या (सामान्य शेअरच्या) फक्त एक पायरी वर उभा असतो. कामगार, तारणी आणि बिनतारणी धनको, सरकार, सगळ्यांचं झाल्यावर त्याची पाळी.

तिसरं, घर आणि सही. मध्यम आकाराच्या खासगी कंपनीला बँक सहसा प्रवर्तकांची वैयक्तिक हमी मागते, आणि कारखाना पुरला नाही तर राहतं घरही. वैयक्तिक हमीचा खर्च कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही. त्याचा आकडा काढता येत नाही म्हणून तो शून्य धरायचा, हे मला पटत नाही. ज्या घरातल्या माणसांची सही हवी आहे त्यांच्याशी बसून त्यावर बोललंच पाहिजे.

या सगळ्यासमोर एक छुपी किंमत आहे, ती मतांची. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४७ नुसार प्रेफरन्स शेअरधारक एरवी स्वतःच्या हक्कांशी संबंधित आणि कंपनी गुंडाळण्याच्या किंवा भांडवल परत करण्याच्या वा घटवण्याच्या ठरावांवरच मत देतो. पण लाभांश दोन वर्षं किंवा अधिक थकला तर त्याला कंपनीच्या प्रत्येक ठरावावर मत मिळतं, आणि तेही भरणा झालेल्या भांडवलाच्या प्रमाणात. इक्विटी भांडवल २ कोटी आणि प्रेफरन्स १० कोटी असेल तर त्या दिवशी ८३ टक्के मतं प्रेफरन्सवाल्यांकडे जातात. ज्या प्रवर्तकाने ‘हिस्सा जाऊ नये’ म्हणून प्रेफरन्स निवडला, त्याच्या हातून कंपनी जाते. यावर दोन उपाय आहेत. खासगी कंपनीला ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने सवलत दिली आहे. आर्टिकल्समध्ये (कंपनीच्या नियमावलीत) तशी तरतूद केली तर कलम ४३ आणि ४७ लागू होत नाहीत. मात्र वार्षिक विवरणपत्रं आणि ताळेबंद वेळेवर दाखल केलेले हवेत, नाहीतर सवलत हातची जाते. दुसरा उपाय दर्शनी किमतीचा. १०० रुपये घ्यायचे, पण शेअर १० रुपये दर्शनी आणि ९० रुपये प्रीमियम असा काढायचा. मतं दर्शनी किमतीवर मोजली जातात, त्यामुळे १० कोटींसमोर १ कोटीचीच मतं राहतात. लाभांशही दर्शनी किमतीवर मोजला जातो हे इथे विसरू नका. १०० रुपयांवर १० टक्के द्यायचे ठरले असतील तर कागदावर १०० टक्के लिहावे लागतील. ते वाचून कुणी दचकू नये म्हणून अटींमध्ये प्रति शेअर रुपयांत रक्कम लिहिलेली बरी.

आता बँकेच्या नजरेतून. ‘प्रेफरन्स काढला की नेटवर्थ वाढेल आणि बँक आणखी कर्ज देईल’ हे वाक्य फार ऐकू येतं. समजा कंपनीचं नेटवर्थ (स्वतःचं भांडवल आणि साचलेला नफा) ६ कोटी आणि जुनं कर्ज ६ कोटी. दहा कोटींचा प्रेफरन्स भांडवल धरला तर कर्ज-भांडवल प्रमाण ६ ला १६, म्हणजे ०.३८. तोच कर्ज धरला तर १६ ला ६, म्हणजे २.६७. एकाच कागदाने ताळेबंद सुदृढही दिसतो किंवा लटपटतही. कर्जाच्या अर्जासोबत बँकांना द्यायच्या सीएमए तक्त्यात परतफेडीचे प्रेफरन्स शेअर डिबेंचर आणि मुदत कर्जाच्या रांगेत, मुदतीच्या देण्यांत येतात. पुढच्या बारा महिन्यांत परत करायचे असतील तर ते चालू देण्यांत जातात आणि करंट रेशो (चालू मालमत्ता भागिले चालू देणी) एका रात्रीत पडतो. इंड-एएस ही लेखामानकं लागू असलेल्या कंपन्यांत तर प्रश्नच नाही. ठरलेल्या तारखेला पैसे परत करण्याची बांधिलकी असलेला प्रेफरन्स शेअर ताळेबंदात वित्तीय देणं म्हणून दिसतो, त्याचा लाभांश नफा-तोटा पत्रकात वित्त खर्च म्हणून दिसतो, पण आयकरात वजावट मात्र मिळत नाही. अशा कंपनीला कर्जाची सगळी लक्षणं मिळतात, करबचत तेवढी मिळत नाही. म्हणून शेअर काढण्याआधी आपल्या बँकेच्या क्रेडिट अधिकाऱ्याला लेखी विचारा, हे तुम्ही कुठल्या ओळीत धरणार. उत्तर ‘मुदत देणी’ असेल तर नेटवर्थचं कारण संपलं.

एकाच घराच्या दोन-तीन कंपन्या असतात तिथे प्रश्न वेगळा वळतो. एका कंपनीने दुसरीला कर्ज दिलं तर कलम १८६ नुसार व्याज जवळच्या मुदतीच्या सरकारी रोख्याच्या परताव्यापेक्षा कमी ठेवता येत नाही, आणि संचालकांचा संबंध असेल तर कलम १८५ मध्ये येतं. प्रेफरन्स शेअर घेतला तर तशी किमान दराची अट नाही. म्हणून समूहातल्या कंपन्यांत ०.०१ टक्के लाभांशाचे प्रेफरन्स शेअर दिसतात. गुंतवणुकीची एकूण मर्यादा मात्र कलम १८६ चीच राहते. पण दर भरीव ठेवला तर कर दोनदा लागू शकतो. एक कोटी लाभांशासाठी देणाऱ्या कंपनीने आधी ३३ लाख ६३ हजार कर भरला. घेणाऱ्या कंपनीने तो लाभांश पुढे आपल्या भागधारकांना, विवरणपत्राच्या अंतिम तारखेच्या एक महिना आधीपर्यंत, वाटला तर तेवढी वजावट मिळते. तिने तो स्वतःकडे ठेवला तर आणखी २५ लाख १७ हजार कर. कर्ज असतं तर एका कंपनीत वजावट आणि दुसरीत उत्पन्न, समूहाच्या पातळीवर करात काही फरकच पडला नसता.

अमेरिकेत किंवा आखातात असलेल्या नातेवाइकाकडून पैसे घेताना प्रेफरन्सचा कागद करण्याआधी थांबा. परकीय चलन नियमांत फक्त पूर्णपणे आणि सक्तीने इक्विटीत बदलणारा प्रेफरन्स शेअर भांडवल मानला जातो. परतफेडीचा किंवा ऐच्छिक बदलाचा शेअर २००७ पासून विदेशी कर्जाच्या नियमांत मोजला जातो. ते नियम पाळले नाहीत तर नंतर कंपाउंडिंगचा, म्हणजे नियमभंग पैसे भरून मिटवण्याचा, खर्च येतो, आणि तोही या तुलनेतलाच खर्च आहे. स्टार्टअप कंपन्यांचे ०.००१ टक्के दराचे सीसीपीएस (सक्तीने इक्विटीत बदलणारे प्रेफरन्स शेअर) दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. त्यांची किंमत लाभांशात नसते, पुढे द्याव्या लागणाऱ्या हिश्शात असते. ती इक्विटीची किंमत आहे, तिची तुलना कर्जाशी करू नये.

कागदपत्रांचं काम थोडक्यात. आर्टिकल्समध्ये प्रेफरन्सची परवानगी आहे का आणि अधिकृत भांडवलात प्रेफरन्सचा वेगळा भाग आहे का, हे आधी पाहा. नसेल तर अधिकृत भांडवल वाढवणं, त्याचा एसएच-७ फॉर्म, एमसीएची (कंपनी व्यवहार मंत्रालयाची) फी आणि राज्याचं मुद्रांक शुल्क आलं. आधीच्या प्रेफरन्सचा लाभांश किंवा परतफेड थकलेली असेल तर नवे काढताच येत नाहीत. मग विशेष ठराव, तो कळवणारा एमजीटी-१४ फॉर्म तीस दिवसांत, पीएएस-४ फॉर्ममधला प्रस्ताव, पैसे वेगळ्या बँक खात्यात, साठ दिवसांत वाटप, वाटपानंतर पंधरा दिवसांत ते कळवणारा पीएएस-३. शेअरवरचं मुद्रांक शुल्क ०.००५ टक्के, दहा कोटींवर फक्त पाच हजार रुपये. छोटी कंपनी या व्याख्येत न बसणाऱ्या खासगी कंपन्यांनी आता शेअर डीमॅटमध्येच द्यायचे असतात.

चूक कुठे होते? पैसे आधी येतात आणि कागद नंतर होतात. नातेवाईक किंवा मित्र एनईएफटी करून मोकळा होतो, रक्कम कॅश क्रेडिट खात्यात पडते आणि त्याच दिवशी कच्च्या मालात जाते. खासगी वाटपाचे (निवडक लोकांनाच दिलेल्या शेअरचे) पैसे पीएएस-३ दाखल होईपर्यंत वापरता येत नाहीत. साठ दिवसांत वाटप झालं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत परत करायचे, नाहीतर १२ टक्के व्याज आणि ठेवींच्या नियमांचा भंग. कलम ४२ मोडल्याचा दंड उभारलेल्या रकमेइतका किंवा दोन कोटी, जे कमी असेल ते, इतका जाऊ शकतो. एवढा दंड लागला तर दराचा सगळा हिशोब निरर्थक ठरतो.

अटी लिहिताना ‘क्युम्युलेटिव्ह’ की ‘नॉन-क्युम्युलेटिव्ह’ हे स्पष्ट लिहा. ‘पार्टिसिपेटिंग’ हा शब्द मसुद्यात चुकून राहू देऊ नका. तो राहिला तर ठरलेल्या लाभांशाशिवाय उरलेल्या नफ्यातही वाटा द्यावा लागतो. लवकर परत करण्याचा हक्क कंपनीकडे ठेवा. कर्जात हा हक्क आता बराच सोपा झाला आहे. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दिलेल्या फ्लोटिंग दराच्या धंदेवाईक कर्जांवर बहुतेक व्यापारी बँका मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेऊ शकत नाहीत. व्याजदर उतरले की कर्ज दुसऱ्या बँकेत नेता येतं. प्रेफरन्सचा दर मात्र सात वर्षं जिथल्या तिथे राहतो.

सर्वांत जास्त कंपन्या अडकतात ती जागा परतफेडीची, म्हणून तिच्याविषयी सविस्तर. भारतात कायमचे प्रेफरन्स शेअर काढता येत नाहीत. कमाल वीस वर्षं, पायाभूत सुविधांच्या प्रकल्पांना तीस. परतफेड दोनच झऱ्यांतून करता येते. लाभांशासाठी उपलब्ध असलेल्या नफ्यातून, किंवा त्याच कारणासाठी काढलेल्या नव्या शेअरच्या रकमेतून. कर्ज मात्र कुठल्याही पैशातून फेडता येतं, जमीन विकून, येणी वसूल करून, दुसरं कर्ज काढून. सातव्या वर्षी कंपनीच्या खात्यात बारा कोटी रोख असू शकतात, कारण दरवर्षी घसाऱ्याइतकी रोख साचत आली. पण पुस्तकातला साचलेला नफा सहा कोटीच असेल तर दहा कोटींचे शेअर परत करता येत नाहीत. बँकेत पैसा आहे, देण्याची इच्छा आहे, धारक दारात उभा आहे, आणि कायदा परवानगी देत नाही. उरलेल्या चार कोटींसाठी नवे शेअर काढावे लागतात. तेही जमलं नाही तर कलम ५५ खाली किमतीने तीन-चतुर्थांश धारकांची संमती आणि एनसीएलटीची (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची) मंजुरी घेऊन जुन्यांच्या बदल्यात नवे प्रेफरन्स शेअर द्यायचे. संमती न देणाऱ्यांचे शेअर त्याच वेळी परत करण्याचा आदेश न्यायाधिकरण देतं.

नफ्यातून परत केले की तेवढीच दर्शनी रक्कम कॅपिटल रिडम्प्शन रिझर्व्हमध्ये टाकावी लागते. हा राखीव निधी पूर्ण भरणा झालेले बोनस शेअर देण्यापुरताच वापरता येतो, त्यातून लाभांश देता येत नाही. म्हणजे परतफेडीच्या वर्षी दहा कोटी बाहेर जातात आणि शिवाय दहा कोटींचा नफा वाटपासाठी बंद होतो. इक्विटी भागधारकांना त्या वर्षी लाभांशाची आशा असेल तर हे त्यांना आधीच सांगितलेलं बरं.

म्हणून सात वर्षांचा प्रेफरन्स काढला असेल तर पहिल्याच वर्षापासून तक्त्यात एक जादा ओळ ठेवा. त्या मार्चअखेर लाभांशासाठी उपलब्ध असलेला नफा किती, आणि परतफेडीला अजून किती कमी. दरवर्षी सरासरी १ कोटी ४३ लाख साचायला हवेत, आणि तेही चालू लाभांश दिल्यावर. चौथ्या वर्षी ही ओळ मागे पडलेली दिसली तर धारकाशी बोलायला तीन वर्षं हातात असतात. मुदतवाढ, हप्त्यांनी परतफेड किंवा काही भागाचं इक्विटीत रूपांतर, यांपैकी काहीही तेव्हा शांतपणे ठरवता येतं. परत केल्यावर तीस दिवसांत एसएच-७ दाखल करायचा. डीमॅटमधले शेअर असतील तर कॉर्पोरेट अ‍ॅक्शन (डिपॉझिटरीतल्या नोंदी बदलण्याची प्रक्रिया) करून ते डिपॉझिटरीतूनही रद्द करून घ्यायचे, नाहीतर पुढच्या ऑडिटमध्ये मिटलेलं भांडवल कागदावर तसंच उभं दिसतं.